कधीतरी म्हणजे किती फेरे

सासरेबुवांना घरात सगळेच साहेब म्हणत. पंपांच्या कारखान्यात ते ड्रॉइंग ऑफिसचे प्रमुख होते, आणि निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली तरी ती बातमी त्यांनी अजून अधिकृतपणे स्वीकारलेली नव्हती. सासूबाईसुद्धा साहेबच म्हणत. त्यांच्या म्हणण्याचा सूर तेवढा थोडा वेगळा होता, पण तो साहेबांना चव्वेचाळीस वर्षांत ऐकू आला नव्हता.

धाकट्या लेकीनं गॅरेजवाल्याशी लग्न ठरवलं तेव्हा साहेबांनी विरोध केला नाही. त्यांनी विषय बंद केला. तेव्हापासून चौदा वर्षं जावयाशी त्यांचं बोलणं "काय, बरं ना?" आणि "निघालात?" एवढ्यात आटोपत असे. या दोहोंच्या मधला वेळ वर्तमानपत्र सांभाळून न्यायचं. जावयाच्या गॅरेजात आसपासच्या अर्ध्या गाड्या यायच्या. साहेबांची गाडी मात्र गावाच्या दुसऱ्या टोकाला, सर्व्हिस सेंटरला जायची. तिथं काचेमागे बसायला सोफा होता आणि झालेल्या कामाचा छापील कागद मिळायचा.

यंदा सव्विसाव्या वर्षी ही गाडी सकाळी सुरू होताना खडखडायला लागली. डब्यात खिळे टाकून कुणी हलवावा तसा आवाज. आधी दोन सेकंद, मग पाच, मग चौकापर्यंत. सर्व्हिस सेंटरनं बॉनेट उघडलं, कान दिला आणि हात वर केले. टायमिंग चेनचं काम आहे, या मॉडेलचे पार्ट आम्ही ठेवत नाही, म्हणाले, आणि नव्या गाडीचं रंगीत पुस्तक हातात दिलं. साहेबांनी ते घरी आणून नीट वाचलं, त्यातल्या इंजिनाच्या चित्रात तीन चुका काढल्या आणि भंगारवाल्याला फोन केला. सोमवारी सकाळी येतो म्हणाला.

गाडी गेली की बाजार, दवाखाना, सगळंच पायी पाऊण तासावर. तेव्हा गाडीपाठोपाठ घरही बंद करायचं आणि थोरल्या मुलाकडे राहायला जायचं, हेही साहेबांनी त्याच दमात ठरवलं. थोरला बाराव्या मजल्यावर राहायचा. सासूबाईंनी लेकीला फोन लावला.

"बारावा मजला! मी काय कबूतर आहे?"

अशा रीतीनं शुक्रवारी संध्याकाळी जावई साहेबांसमोर उभा राहिला. पार्ट मी मिळवलेत, दोन दिवस द्या, म्हणाला. साहेबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं, पण पूर्ण नाही.

"भंगारवाला सोमवारी नऊला येणार आहे. तोवर बघा."

जावयाला गाडी वाचवायची होती, सासूबाईंनाही बाराव्या मजल्यापासून वाचवायचं होतं. ही झाली सांगण्यासारखी कारणं. खरं कारण त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं: या माणसानं एकदा, फक्त एकदा, आपल्या हातावर विश्वास टाकावा, एवढंच त्याला हवं होतं. बायकोलाही तो हे बोलला नव्हता. बायकोला अर्थातच ते चौदा वर्षं माहीत होतं. शनिवारी डबा हातात देताना ती म्हणाली, "बाबांशी वाद घालू नकोस. आणि ते म्हणतील ते सगळं ऐकूही नकोस." या दोन सूचना एकत्र कशा पाळायच्या ते तिनं सांगितलं नाही.

घराच्या खालीच गाडी ठेवायची खोली होती. भिंतीवर हत्यारांची जागा रंगानं आखलेली, पक्कडीच्या जागी पक्कडीचं चित्र, हातोडीच्या जागी हातोडीचं. हत्यारं इतकी चकचकीत की ती कधी वापरली गेली नसावीत अशी शंका यावी. साहेब स्टूल घेऊन हजर होते. मांडीवर गाडीचं मॅन्युअल, प्लास्टिकच्या कव्हरात, आणि शर्टाच्या खिशात बारीक मापं घ्यायचं व्हर्नियर.

जावयानं बॅटरी सोडली, पाणी काढलं, ऑइल काढलं, पट्टा काढला, पुली काढली. प्रत्येक बोल्ट कुठून निघाला ते साहेब कागदावर लिहीत होते आणि जावई ते बोल्ट पुठ्ठ्यात भोकं पाडून त्याच क्रमानं खोचत होता. दोन्ही पद्धती एकच होत्या. हे दोघांनाही दिसलं.

पुढचं झाकण निघालं तेव्हा आतली परिस्थिती उघड झाली. चेन ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवरून सरकते, त्या गाइडांपैकी एकाची वरची अर्धी बाजू गायब होती. ती खाली ऑइलच्या चेंबरमध्ये तुकड्यातुकड्यांनी सापडली. चेन ताणून धरणारा टेन्शनर होता तेवढा बाहेर येऊन थकला होता. जावयानं जुनी चेन काढून खिळ्याला टांगली, शेजारी नवी टांगली. जुनी बोटाच्या एका पेराइतकी लांब भरली.

"लोखंड लांबत नसतं," साहेब म्हणाले.

"लांबत नाही, झिजतं. प्रत्येक कडीत केसभर. सगळं मिळून एवढं होतं."

साहेबांनी व्हर्नियर काढून जुन्या चेनच्या दहा कड्या मोजल्या, नव्या चेनच्या दहा मोजल्या आणि वजाबाकी केली. मग नुसतं "हं" म्हणाले. पण त्या "हं"चा सूर वर्तमानपत्रामागच्या "हं"पेक्षा वेगळा होता. जावई त्यावर संध्याकाळपर्यंत खूश होता.

रविवारी सकाळी नवीन गाइड बसले, नवा टेन्शनर बसला, दोन्ही दातेरी चाकं बसली. खालचं, पिस्टन हलवणाऱ्या क्रँकचं लहान, वरचं, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचं मोठं; चेन दोघांना एका तालात फिरवते. नव्या चेनमध्ये दोन कड्या पिवळ्या रंगाच्या असतात. एक खालच्या चाकाच्या खुणेवर बसवायची, एक वरच्या. इथं एका दाताची चूक झाली तर गाडी नीट चालत नाही, चार दातांची झाली तर व्हॉल्व्ह जाऊन पिस्टनवर आपटतात, आणि मग भंगारवाल्याला फोन करावा लागत नाही, तो वास काढत येतो. जावयानं दोन्ही कड्या खुणांवर बसवल्या. साहेबांनी मॅन्युअलमधलं चित्र आणि इंजिन आळीपाळीनं चार वेळा पाहिलं.

"बरोबर," ते म्हणाले.

तिथंच थांबता आलं असतं. पण कुठलाही बरा मेकॅनिक इंजिन किल्लीवर सुरू करण्याआधी हातानं दोन पूर्ण फेरे फिरवून बघतो, कुठं काही अडतंय का ते. जावई बरा मेकॅनिक होता. प्लग काढलेलेच होते. त्यानं क्रँकच्या बोल्टला लांब पाना लावला आणि सावकाश दोन फेरे फिरवले. काही अडलं नाही. खालच्या चाकाची खूण इंजिनावरच्या खुणेसमोर आली, वरच्याचीही आली.

पिवळ्या कड्या मात्र भलतीकडेच होत्या.

"हे काय?" साहेब स्टुलावरून उठले.

"ते असंच असतं, साहेब. चाकांच्या खुणा जुळल्या की झालं. कड्या परत जुळत नाहीत."

"कधीच नाही?"

"जुळतात ना. कधीतरी."

साहेबांनी आयुष्यभर काढलेल्या एकाही ड्रॉइंगवर "कधीतरी" असं माप नव्हतं.

"कधीतरी म्हणजे कधी?"

"मोजलं नाही कधी."

"किती चेन बसवल्यात आजवर?"

"दोनशे तरी."

"आणि एकदाही मोजलं नाही." साहेबांनी मॅन्युअलचं पान जावयासमोर धरलं. "चित्रात कड्या खुणांवर आहेत. इथं नाहीत. उघडा."

वाद घालायचा नाही, हे बायकोचं पहिलं वाक्य जावयाला आठवलं. दुसरं आठवेपर्यंत त्यानं टेन्शनर सोडला होता. बाहेरच्या एखाद्या गिऱ्हाइकानं असं सांगितलं असतं तर त्यानं हसून त्याला चहा पाजला असता. पण समोर सासरा होता, आणि जावई माणूस कितीही तरबेज असला तरी सासऱ्यासमोर त्याचे हात नवखे होतात. दोन तास गेले. चेन काढली, खुणा जुळवल्या, चेन बसवली, टेन्शनर बसवला, दोन फेरे फिरवले.

पिवळ्या कड्या पुन्हा तिथंच, अगदी त्याच भलत्या जागी.

"परत चुकलं," साहेब म्हणाले.

आता मात्र जावयाला क्षणभर स्वतःचाच संशय आला. दोनशे इंजिनं सुरळीत चालली होती ती आपल्यामुळे की आपण असूनही? जिन्यावरून सासूबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी दोघांचे चेहरे पाहिले आणि ट्रे कोपऱ्यातल्या पिंपावर ठेवला.

"उघडा परत," साहेब म्हणाले.

जावयानं हात पुसले. बोटं एकेक करून, फार वेळ लावून.

"नाही, साहेब. आता उघडणार नाही. दोन्ही वेळा एकाच जागी आलंय. चुकून चुकलं असतं तर वेगवेगळं चुकलं असतं."

सासूबाईंनी बशी खाली ठेवली, तिचा आवाज झाला, तेवढाच. साहेबांनी जावयाकडे पाहिलं. चौदा वर्षांत बहुधा पहिल्यांदाच, वर्तमानपत्राशिवाय.

"एकाच जागी," ते स्वतःशी म्हणाले. "म्हणजे नियम आहे." आणि त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. "खालच्या चाकाला दात किती?"

"वीस. वर चाळीस."

"चेनच्या कड्या?"

ते जावयाला माहीत नव्हतं. साहेबांनी जुनी चेन पाटावर पसरली आणि खडूनं दर दहाव्या कडीवर खूण करत मोजली. "एकशे तेरा."

"तेरा नसणार."

"मी मोजल्यात."

"चौदा असतील नाहीतर बारा. एक आतली कडी, एक बाहेरची कडी, अशा जोडीनंच येतात. विषम झाल्या तर टोकं जुळणारच नाहीत."

साहेबांनी चेन पुन्हा मोजली. एकशे चौदा. त्यांनी आकडा लिहिला आणि त्याखाली एक रेघ मारली. मग सासूबाईंकडे वळून, कारखान्यात एखादा मोठा निर्णय जाहीर करावा तसे म्हणाले, "लसावि काढावा लागेल."

"काढा," सासूबाई म्हणाल्या. "आपली मुलं शाळेत होती तेव्हा रडवलंत त्यांना त्यासाठी, एकदा तरी उपयोग होऊ दे."

चाळीस आणि एकशे चौदा यांचा लसावि दोन हजार दोनशे ऐंशी आला. भागिले चाळीस, वरच्या चाकाचे सत्तावन्न फेरे. वरचं चाक एकदा फिरतं तेव्हा खालचं दोनदा. म्हणजे क्रँकचे एकशे चौदा.

"एकशे चौदाव्या फेऱ्याला दोन्ही कड्या दोन्ही खुणांवर येतील," साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. "आल्या पाहिजेत."

"झालं तर मग. झाकण लावू?"

"झालं कसं? हे कागदावर झालं. फिरवा."

"एकशे चौदा?"

"दोन झालेत. एकशे बारा."

जावयानं पाना घेतला. पान्याला एका बाजूनं चॅसी अडायची, त्यामुळे एक फेरा पाच हिसक्यांत व्हायचा. फेरा पुरा झाला की साहेब कागदावर उभी रेघ ओढायचे आणि पाचवी आडवी. दहा, पंधरा, वीस. इंजिनातून सुस्कारे टाकल्यासारखी हवा येत होती. पंचविसाव्याला साहेब म्हणाले, आणा इकडे. त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि पान्याला हात घातला. आयुष्यभर दुसऱ्यांनी घडवायच्या वस्तू कागदावर काढलेला माणूस एका खऱ्या इंजिनाला वाकून जोर लावत होता. त्यांनी नऊ फेरे काढले.

"इंजिन हातानंच फिरवायचं असेल," वरून सासूबाईंचा आवाज आला, "तर पेट्रोल भरणं बंद करते."

चाळिसाव्याच्या सुमारास घरातला फोन वाजला. भंगारवाला होता. उद्या नक्की ना, ट्रक मोठा आणू की लहान, असं विचारत होता. साहेब वर गेले. ते खाली आले तेव्हा जावई फिरवतच होता.

"किती झाले?"

"त्रेचाळीस."

साहेबांनी कागद पाहिला. "एकेचाळीस."

"तुम्ही वर होता तेव्हा दोन झाले."

"मी नसताना झालेले धरता येणार नाहीत."

"इंजिनानं धरलेत, साहेब."

"ते इंजिनाचं इंजिनानं बघावं. नोंद एकेचाळीसची आहे."

जावयानं मनातल्या मनात आपला आकडा चालू ठेवला, साहेबांनी कागदावर आपला, आणि पुढचे चौदा फेरे एकाच खोलीत दोन वेगवेगळ्या संख्यांनी पार पडले.

जावयाच्या मते तो सत्तावन्नावा होता. त्यानं पाना थांबवला. खालची पिवळी कडी खालच्या खुणेवर अचूक बसली होती. वर पाहिलं, वरची पिवळी कडीही जिथं हवी तिथं होती. पण वरच्या चाकाची खूण तिच्याजवळ नव्हती. ती बरोबर उलट, खाली तोंड करून होती. चेन जुळली होती आणि चाक पाठ फिरवून बसलं होतं. हे जावयानं उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं, कारण उभ्या आयुष्यात कुणी त्याला सत्तावन्न फेरे फिरवायला लावले नव्हते.

"साहेब, हे... हे उलटं आलंय."

साहेबांनी हिशेबाचा कागद उलटा केला. मागे बारीक, सुबक अक्षरांत आधीच लिहिलेलं होतं: "५७ : चेन जुळेल, वरचं चाक अर्धा फेरा मागे. घाबरू नये."

"मग आधी सांगायचं ना!"

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही ते शोधलं असतंत. न सांगता दिसलं, म्हणजे आहे."

जावई हसला. मग त्याची नजर साहेबांच्या रेघांवर गेली. साहेबांचीही त्याच वेळी गेली. रेघा पंचावन्न होत्या. गणित सांगत होतं सत्तावन्न, इंजिन सांगत होतं सत्तावन्न, आणि पंचावन्न म्हणणारा त्या खोलीत एकच माणूस होता.

साहेबांनी पेन्सिल उचलली आणि दोन रेघा वाढवल्या. न कचरता, नेहमीच्या रेघांइतक्याच सरळ.

"तुमचे दोन धरले," ते म्हणाले. "चला, पुढे."

"अजून सत्तावन्न?"

"अर्धं जुळलं म्हणजे जुळलं नाही."

पुढचे फेरे कसे गेले ते जावयाला नीट कळलंच नाही. साहेब बोलत होते. पंपाच्या एका चाकाबद्दल, जे तीस वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखालच्या माणसानं अर्धा मिलिमीटर चुकवलं होतं. त्या माणसाबद्दल, ज्याच्याशी ते नंतर सहा महिने बोलले नाहीत. सहा महिने जास्त झाले, असं आता वाटतं, म्हणाले. जावई पाना ओढत राहिला. मध्येच साहेबांनी अकरा फेरे काढले, नऊच्या जागी अकरा, आणि ते मोजून सांगितले.

एकशे चौदाव्याला खालची कडी खालच्या खुणेवर आली, वरची वरच्या. दोन्ही चाकं सरळ. साहेबांनी खिशातून भिंग काढलं, वाकून वर पाहिलं, खाली पाहिलं, भिंग खिशात ठेवलं.

"झाकण लावा."

ऑइल झिरपू नये म्हणून जावयानं झाकणाच्या कडेनं सीलंटची बारीक रेघ ओढली. साहेबांनी त्या रेघेची जाडी दोन ठिकाणी नजरेनं तपासली आणि बोलण्यासारखं काही सापडलं नाही म्हणून स्टूल उचलून वर गेले. सीलंट रात्रभर वाळवावं लागतं, हे जावयानं तोंडी सांगितलं होतं. साहेबांनी मॅन्युअल उघडलं नाही.

सोमवारी सकाळी साडेआठला जावयानं प्लग बसवले, ऑइल भरलं, पाणी भरलं, बॅटरी जोडली. साहेब गाडीत बसले. सासूबाई दारात, हात पदराला पुसत. साहेबांनी किल्ली फिरवली.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं, आणि खडखडलं.

जावयानं हात वर केला: थांबा. नव्या टेन्शनरमध्ये ऑइल पोचायला क्षणभर लागतो. हे काचेपलीकडून सांगत बसायला वेळ नव्हता. साहेबांचा हात किल्लीवर होता. सर्व्हिस सेंटरनं याच आवाजापुढे हात टेकले होते. साहेबांनी काचेतून जावयाच्या वर केलेल्या हाताकडे पाहिलं आणि किल्लीवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

एक. दोन. आणि आवाज गेला. उरली ती एकसारखी घरघर, शिलाई मशीन लांब कुठंतरी चालू असल्यासारखी.

नऊला ट्रक आला. भंगारवाल्यानं चालू इंजिन ऐकलं आणि तो धंद्याला जागला. "चालू गाडी पण घेतो, साहेब."

"घेत असाल," साहेब म्हणाले. "रस्ता अडतोय, ट्रक मागे घ्या."

ट्रक मागे गेला. सासूबाईंनी वर जाऊन थोरल्याला फोन लावला आणि त्याच्या तब्येतीची फार प्रेमानं चौकशी केली.

जावयानं पाने गोळा केले, पेटी बंद केली. आता "निघालात?" येणार, म्हणून तो थोडा रेंगाळला. साहेबांनी गाडीतला समोरचा कप्पा उघडला, रबर लावलेली एक लांब वही काढली आणि ते उतरले. समासात तारखा, उजवीकडे तेच सुबक अक्षर. हँडब्रेक तिसऱ्या दातानंतर धरतो. मागची डावी काच पावसात किणकिणते. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये हुंकार. पहिली तारीख अकरा वर्षांपूर्वीची होती.

"हे सर्व्हिस सेंटरला नाही दाखवलंत?" जावयानं विचारलं.

"त्यांना काय दाखवायचं? ते नुसता छापील कागद देतात." साहेबांनी वही त्याच्या हातात दिली. "एकोणीस आहेत."

जावयानं पानं उलटली. एकोणीस तक्रारी. त्याच्या धंद्यात गिऱ्हाईक एवढं मन मोकळं करतं तेव्हा बहुतेक मेकॅनिक पळून जातात. जावयानं पेटी परत उघडली.

"सगळ्या आजच बघू?"

"एकदम नको," साहेब स्टूल ओढत म्हणाले. "अनुक्रमानं."